त्रेचाळीसाव्या पानावरचा माणूस

"साडेसातचीला दिवस गेलेत," मेथी निवडता निवडता आईनं जाहीर केलं.

मी हातातलं पुस्तक बोट घालून मिटलं. अशा बातमीला चेहऱ्यावर वेळेत आनंद दिसलेला बरा. "अरे वा! कोण, बी विंगमधली?"

"बी विंग कसली? साडेसातची. आठचीलाही गेलेत, पण ती कोणाला सांगत नाहीये. नवऱ्याची स्मृती गेलीय ना तिच्या. सांगून उपयोग काय?"

आमच्या घरात मालिकांना नावं नसतात, वेळा असतात. सगळं आयुष्य ठाण्यात काढलेल्या बाईला त्यात काही वावगं वाटत नाही. सातची, साडेसातची, आठची. साडेआठची स्लो आहे, सगळ्या स्टेशनांवर थांबते. नऊचीला तोबा गर्दी, एका दिवाणखान्यात सोळा माणसं आणि सगळी उभी. एखादी अचानक रद्द झाली की फलाटावर होतो तसाच संताप घरात होतो, आणि नव्या वेळापत्रकाला शिव्या देत देत चार दिवसांत सगळे त्यालाही रुळतात.

मी मात्र वाचणारा माणूस आहे. माझ्याकडे बघून हे कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून मी ते सांगतो. ज्या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे, त्या गावच्या माणसानं रोज संध्याकाळी दुसऱ्यांच्या सासू-सुनांत लुडबूड करावी हे मला पटत नाही. म्हणून सात वाजले की मी आतल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. हे सगळं घडलं तेव्हा माझ्याकडे आमच्या गल्लीतल्या वाचनालयातून आणलेली ४१२ पानांची एक कादंबरी होती. नाव सांगत नाही. जाणकार लोकांनी ती विशीतच वाचलेली असते, आणि मी पन्नाशी ओलांडल्यावर तिच्या त्रेचाळीसाव्या पानावर होतो. दोन आठवडे होतो.

दोष भिंतीचा. बिल्डरनं ती नजर अडवायला घातली आहे, आवाज अडवायला नव्हे. त्रेचाळीसाव्या पानावर रात्रीची वेळ, जुना वाडा, काका कंदील घेऊन माजघरात येतात. मी काकांबरोबर उंबरा ओलांडणार, इतक्यात भिंतीपलीकडून किंचाळी येते: "थांबा! ती खीर खाऊ नका!" मग तीनदा ढॅण. आता मला नुसत्या आवाजावरून कॅमेरा कोणाच्या तोंडावर गेलाय ते सांगता येतं. सासूला ढोल, सुनेला बासरी, नोकराला काहीच नाही. मी ओळ पुन्हा पहिल्यापासून धरतो. काका पुन्हा कंदील उचलतात. असं रोज. दहाव्या दिवसापर्यंत माझी खात्री पटली होती की या काकांनीच खिरीत काहीतरी कालवलंय.

खोलीत फोनही असतो, पण तो फक्त अवघड शब्दांसाठी. एकदा 'चौपाळा' बघायला म्हणून उघडला आणि पाऊण तास विहिरीत पडलेली म्हैस बाहेर काढण्याचा व्हिडिओ पाहत बसलो. म्हैस निघाली. शब्द राहिला.

कोणी म्हणेल, याला टीव्हीचाच राग आहे. मुळीच नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, मीही त्याच सालचा. दोघांचीही सुरुवात ब्लॅक अँड व्हाइट. चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता आणि संध्याकाळी तिथे जमिनीवर बसून आम्ही 'आमची माती, आमची माणसं' पाहायचो. शेत म्हणावं तर आमच्याकडे डालड्याच्या डब्यातली एक तुळस. तरी कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त मला अजून सांगता येईल. मध्येच पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी यायची. तीसुद्धा आम्ही पाहायचो. आठचीपेक्षा तिच्यात उत्कंठा जास्त होती, कारण ती केव्हाही संपू शकत होती.

माझं भांडण आहे ते वेगाशी. चोप्रांचं 'महाभारत' ९४ भागांत आटोपलं. जन्म, द्यूत, वस्त्रहरण, बारा वर्षांचा वनवास, वर एक वर्षाचा अज्ञातवास, अठरा दिवसांचं युद्ध, त्यात रथ थांबवून गीता, आणि सगळं मिळून ९४ भाग. आमच्या आठचीचं मंगळसूत्र श्रावणात हरवलं ते गणपती विसर्जनापर्यंत सापडलं नव्हतं. ते पिठाच्या डब्यात आहे हे आईला, मला, दूधवाल्याला, सगळ्यांना माहीत होतं. त्या घरात माणसं सोळा, स्वयंपाकघरात पैठण्या नेसून वावरणाऱ्या बायका पाच, पण दीड महिना पोळ्या एकीनंही केल्या नाहीत. आणि लांबीचंच बोलायचं तर 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली आणि २०१३ ला संपली, तीन हजारांवर भाग झाले. म्हणीतले सुनेचे चार दिवस त्यांनी नावात धरले नव्हते, हे आपलं नशीब.

एकदा मी आईला यामागचं गणित समजावून सांगायला बसलो. निवडक काही हजार घरांत मीटर लावलेले असतात, कोण काय पाहतं त्याची नोंद होते, गुरुवारी आकडे येतात, आकडा पडला की लेखकाला फोन जातो आणि मेलेला जुळा भाऊ परत येतो. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. तिचा चेहरा गंभीर झाला.

"म्हणजे आपण बंद केलं तर त्या बिचारीचं बाळंतपण अर्धवट राहील."

"आई, आपल्याकडे मीटर नाहीये."

"कशावरून? मागे एक जण येऊन बघून गेला की."

"तो विजेचा होता."

"असं ते सांगतात," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती देवदर्शनाला जातानाही टीव्ही चालू ठेवून जाऊ लागली.

शनिवार-रविवार घर माझ्या बायकोच्या ताब्यात जातं, म्हणजे नृत्यस्पर्धांच्या. इथे नाच दीड मिनिटाचा असतो. त्याआधी चार मिनिटं दुःख असतं. गळकं छप्पर, शिवणयंत्रावरची आई, एका बाजूनं व्हायोलिन. मग नाच. मग परीक्षक म्हणतात, "माझ्याकडे शब्द नाहीत," आणि दहा मिनिटं बोलतात. एक जण बुटासकट खुर्चीवर चढतो, दुसरीच्या डोळ्यांत पाणी. लावणी म्हणून जी सुरू होते ती कडव्याच्या शेवटी छताला टांगलेल्या कापडावर उलटी लटकलेली असते. पायांत चाळ बांधायचे ते ताल जमिनीला कळावा म्हणून. हवेत लटकून ते कोणाला ऐकवायचे, हा माझा प्रश्न. बायकोचं उत्तर: "अहो, तुम्हाला साधी मान तरी उलटी करता येते का?" (येत नाही. स्पॉन्डिलायटिस आहे.)

एक गोष्ट मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. सहा-सात वर्षांच्या पोरी थोरांच्या गाण्यांवर थोरांसारखे डोळे मारतात आणि समोर त्यांचे आईबाप शिट्ट्या वाजवतात. २०१९ साली माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांसाठी सूचना काढावी लागली होती, की नाचाच्या कार्यक्रमांत लहान मुलांना असं अशोभनीय रीतीनं दाखवू नका. सूचना वाहिन्यांना होती. सोसायट्यांना नव्हती.

म्हणूनच गणपतीत आमच्या सोसायटीनं नृत्यस्पर्धा ठेवली आणि सेक्रेटरी मला परीक्षक व्हा म्हणून सांगायला आले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो.

"तुम्ही वाचता," ते म्हणाले. "बाकीच्यांना घेतलं तर वाद होतात."

या युक्तिवादापुढे मी विरघळलो. कादंबरी बरोबर घेऊनच टेबलाशी जाऊन बसलो. सत्तावीस नाच आहेत, मध्ये मध्ये चार पानं होतील असा हिशोब होता. पहिल्या दोन मिनिटांत पोरांनी माझं नाव 'महागुरू' ठेवलं. 'एका पेक्षा एक'मध्ये सचिन पिळगांवकरांना तो मान होता. त्यांना तो नाचता येतं म्हणून मिळाला असणार. मला मिळाला, कारण खुर्चीला हात असलेला मी एकटाच होतो.

निवेदन करणाऱ्या वहिनी टीव्हीतल्यासारखं दुःख पेरत होत्या. "यानंतर येतेय आपली लाडकी स्पर्धक. कालपासून घसा पूर्ण बसलेला असतानाही तिनं नाचायचं ठरवलं आहे!" टाळ्या. "यानंतरचा स्पर्धक. याचे बाबा आजही ऑफिसातून येऊ शकलेले नाहीत!" बाबा तिसऱ्या रांगेत शूटिंग करत होते. तेही हळहळले.

मी प्रामाणिकपणे गुण देत होतो. दहापैकी पाच, सहा, एका पोराला साडेसात. सातवा नाच झाल्यावर सेक्रेटरी माझ्या कानाशी आले. "साहेब, गुण ठीक आहेत. पण जरा उभं राहायचं बघा ना." पुढच्या नाचाला मी उभा राहिलो. एकासाठी उभं राहिलं की पुढच्यासाठी बसता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. उरलेले एकोणीस नाच मी उठून बसून पाहिले. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरल्या होत्या की स्पर्धेत मीच उतरलो होतो असं वाटावं. शेवटी डोळ्यांत पाणी आलं ते मात्र खरं होतं. त्याचं श्रेय सगळ्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या लावणीला दिलं, आणि मी तिला सहाच गुण दिल्याचं कळल्यावर परतही घेतलं. तिची आजी अजून मला लिफ्टमध्ये पाहिलं की जिन्यानं जाते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असून.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला: मी, टेबल, टेबलावर जाडजूड कादंबरी. खाली 'आपले व्यासंगी परीक्षक'. चव्वेचाळीस अंगठे. मला बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा सात ते दहा वाचनाला बसू लागलो.

नवरात्राच्या सुमारास वाचनालयात गेलो, तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "काका, मुदत केव्हाच संपली. दंड राहू दे, पण दोघं जण थांबलेत त्या पुस्तकाला. झालं का वाचून?"

"होतच आलंय," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मागे रांगेत चार माणसं होती. "काकांचं पात्र काय उभं केलंय हो! दिसायला साधा माणूस, पण त्या खिरीच्या प्रसंगात जो काही..."

"खिरीच्या?" ताईंनी विचारलं.

"खिरीच्या," मी म्हणालो, जरा हळू.

रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. विशीत वाचलेल्यांपैकी असावेत.

घरी आलो तो तडक आतल्या खोलीत. म्हटलं, आज रात्रभर जागून संपवायचं. उशीखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. पुस्तक नाही. बाहेर दिवाणखान्यात आलो. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती, आवाज बंद. आई पलंगावर मांडी घालून बसली होती, नाकावर चष्मा, मांडीवर कादंबरी. शेवटचं पान. मला हातानं 'थांब' अशी खूण करून तिनं ते संपवलं, पुस्तक मिटलं आणि त्याच्यावर क्षणभर तळहात ठेवला. मग रिमोट उचलून आवाज सुरू केला. साडेआठची नुकतीच परत सुरू होत होती.

"हे तुझ्याकडे कधीपासून?"

"गणपतीपासून. तू स्पर्धेहून आलास आणि इथेच टीपॉयवर टाकलंस. जाहिराती लागल्या की मी वाचते. नुसतं त्या साबणाकडे काय बघायचं?"

मी मनात हिशोब केला. नियमानं तासाला १२ मिनिटं जाहिराती. सात ते दहा म्हणजे ३६ मिनिटं. पानाला दोन मिनिटं धरली तर रोजची अठरा पानं. ४१२ पानं, तेवीस दिवस. हिशोब चोख जुळत होता.

"मग गेले तेवीस दिवस मी आत काय वाचत होतो?"

"तेच मी तुला विचारणार होते," आई म्हणाली. "मधेमधे म्हशीचा आवाज यायचा."

बायको स्वयंपाकघरातून हसली. ती दारामागेच उभी होती, म्हणजे हा संवाद तिनं आधीपासून ऐकला होता. मालिकांतून माणसं हे शिकतात.

मी मान खाली घालून जवळ बसलो आणि जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "काकांचं शेवटी काय होतं गं?"

"कसले काका? गरीब बिचारा माणूस. कंदील ठेवतो आणि झोपायला जातो. पुढे येतच नाही."

"आणि खीर?"

"खीर साडेआठचीत," आईनं पडद्यावरची नजर न काढता सांगितलं. जाहिरात लागली तशी तिनं आवाज बंद केला, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "उद्या बदलून आण. मिळालं तर दोन खंडांचं बघ. दिवाळीत महाएपिसोड असतात, जाहिराती जास्त येतात."