समतेचा विचार युरोपने तयार करून वाटला, हे खरे नाही

सध्या एक मजकूर फार फिरतो आहे. त्याचा गाभा असा: स्वातंत्र्य, समता, मानवी हक्क हे सारे युरोपातल्या पाच-सहा तत्त्वज्ञांनी शोधले, उरलेल्या जगाने ते उचलले, फार तर भाषांतर केले, म्हणून या विचारांना आपल्या मातीत मूळ नाही. युरोपचे चाहतेही तो पुढे पाठवतात आणि युरोपचे विरोधकही. दोघांनाही तो सोयीचा आहे. ज्यांनी जीव देऊन हे विचार घडवले त्यांच्यावर मात्र तो अन्याय करतो, म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘हे विचार युरोपात पूर्ण स्वरूपात जन्मले.’

माणूस जन्मतः स्वतंत्र आहे असे लिहिणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतले होते. अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीची १६६९ ची घटना लिहिण्यात त्याचा हात होता आणि तिने मालकाला गुलामावर संपूर्ण सत्ता दिली. दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता. स्वातंत्र्यावरच्या १८५९ च्या ग्रंथात त्याने ‘मागासलेल्या’ समाजांना आपले तत्त्व लागू नाही, असे स्पष्ट नोंदवले. फ्रान्सच्या १७९१ च्या घटनेने मताधिकार दिला तो तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांना. स्त्रिया आणि घरगडी बाहेरच राहिले. त्याच वर्षी फ्रेंच लेखिका ओलांप द गूज हिने स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला.

या लेखकांना मोडीत काढण्यासाठी हे सांगत नाही. याच मिलने १८६७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती मांडली होती. पण ‘सर्व माणसे’ हे शब्द कागदावर आले तेव्हा त्यांत सर्व माणसे नव्हती, एवढे तरी मान्य करावे लागेल.

‘बाकीच्यांनी फक्त नक्कल केली.’

याला सगळ्यात ठाम उत्तर हैतीचे आहे, आणि त्या मजकुरात हैतीचे नावसुद्धा नाही. कॅरिबियन समुद्रातली सां-दोमिंग, म्हणजे आजचा हैती, ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत. साखरेच्या मळ्यांवर राबणारे गुलाम जवळपास पाच लाख. फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसमध्ये माणसाच्या हक्कांचा १७८९ चा जाहीरनामा निघाला, पण गुलामगिरी जागची हलली नाही. ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनीच उठाव केला. १७९३ मध्ये तिथल्या फ्रेंच आयुक्तांना गुलामगिरी संपल्याचे जाहीर करावे लागले, आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या सभागृहाने त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे शब्द पॅरिसहून गेले आणि त्यांचा अर्थ कॅरिबियनहून पॅरिसला आला. १८०२ मध्ये नेपोलियनने वसाहतींतल्या गुलामगिरीला पुन्हा कायद्याचा आधार दिला. बंडाचा नेता तूसां लूव्हर्त्यूर फ्रान्सच्या तुरुंगात मेला, तरी १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

हैतीच्या १८०५ च्या घटनेतले एक कलम मी पुन्हा पुन्हा वाचतो. सर्व हैतीवासी ‘काळे’ या एकाच नावाने ओळखले जातील, असे ते म्हणते. तिथे नागरिकत्व मिळालेल्या जर्मन आणि पोलिश लोकांनाही ते लागू होते. जन्माने चिकटवलेला रंग त्यांनी राजकीय नागरिकत्वाचे नाव केला. ही कल्पना त्यांना कोणत्याही युरोपीय ग्रंथात सापडली नसती. या धाडसाबद्दल फ्रान्सने १८२५ मध्ये त्यांच्याकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली.

‘मानवी हक्कांचा जाहीरनामा पाश्चात्यांचा आहे.’

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तो ४८ मतांनी मंजूर झाला. विरोधात एकही मत नव्हते, आठ देश तटस्थ राहिले. मसुदा घडवणाऱ्यांत चीनचे पी. सी. चँग होते, लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, चिलीचे एर्नान सांता क्रूझ होते. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द होता. तो बदलून ‘सर्व मानव’ असा निःसंदिग्ध शब्द यावा म्हणून भारताच्या हंसा मेहता अडून बसल्या, आणि तो बदल झाला.

‘फुले-आंबेडकरांनी पाश्चात्यांचे भाषांतर केले.’

फुल्यांनी मानवी हक्कांवर लिहिणारा थॉमस पेन वाचला होता, आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युईंचे विद्यार्थी होते. यात लपवण्यासारखे काही नाही. १८७३ मध्ये फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतली गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्यांना अर्पण केला. त्यात त्यांनी जातीला गुलामगिरी म्हटले, हा त्यांचा स्वतःचा विचार होता. आंबेडकरांनी १९५४ च्या आकाशवाणी भाषणात तर सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी मी फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाकडून घेतली.

पण उगमाचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. जात म्हणजे श्रमविभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडले. पुढे ‘श्रेणीबद्ध विषमता’ ही संकल्पना त्यांनी दिली: या उतरंडीत जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे, त्यामुळे वरच्याचा जाच सोसणाऱ्यालाही ती पूर्ण मोडायची नसते, आणि सगळे पीडित एक होत नाहीत. मालक आणि मजूर अशा दोनच फळ्या धरून चालणाऱ्या वर्गसिद्धान्ताला या कोड्याचे उत्तर देता येत नव्हते. हे कोणत्या युरोपीय ग्रंथाचे भाषांतर आहे, ते त्या मजकुराच्या लेखकाने दाखवावे.