अर्थिंगची पिन मोडणाऱ्या महाभागांनो!

गिटार गुणगुणतेय? मोडा अ‍ॅम्पच्या (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) थ्री-पिनची जाडी पिन, म्हणजे अर्थिंगचीच, पकडीने! वा रे इलाज! अहो, गिटारच्या तारा ब्रिजमधून (तारा अडकवलेल्या पट्टीतून) थेट अ‍ॅम्पच्या चॅसीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. अर्थिंग तोडलेलं असताना आत फेजची (करंटची) तार चॅसीला टेकली तर 230 व्होल्ट बोटांत, आणि ओठ जमिनीशी जोडलेल्या माइकला लागला की सर्किट पूर्ण. मग पोरगं काय मस्त नाचतंय म्हणून टाळ्या पिटणार का?

त्यात मंगल कार्यालयाचं अर्थिंग. मे महिन्यात जळगाव-भुसावळला काळ्या मातीत हात जाईल एवढ्या भेगा, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या रॉडभोवतीची माती सुटलेली. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं कुणाला सुचेल तर शपथ!

पेडलचं (गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्यांचं) तर विचारूच नका, भाऊ. नऊ व्होल्टचा एकच अ‍ॅडॉप्टर आणि सहा पेडलांची माळ. एखादं डिजिटल पेडल एकटंच 300 मिलिअँपिअर ओढतं, त्याची किर्रर्र डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारं पेडल) आणखी फुगवून ऐकवतं. आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) मात्र ‘महाग’! मग खुपसा राउटरचा बारा व्होल्टवाला. पेडलला सेंटर निगेटिव्ह (जॅकच्या मधोमध निगेटिव्ह) लागतं, हा पॉझिटिव्ह, बघतंय कोण? धूर निघाला की पेडलच भंगार.

अ‍ॅम्प या भिंतीच्या प्लगवर, मिक्सर त्या टोकाला, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटा. 50 हर्ट्झची घूं येणार नाही तर काय भजन येणार? एकाच बोर्डवर घ्या ना सगळं! आणि डीआय बॉक्सवरचं (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या केबलचं अर्थिंग तोडणारं, बटण काय शोभेला दिलंय?