काचघर: रुबाब आधी की छप्पर आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झोंबरी आहे, पण मुद्देसूद आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबलं तर चालवून घ्या. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घराला जोडून काचेची खोली, म्हणजे काचघर, बांधताना हात आखडता असेल तर भिंतीला टेकलेलं, एकाच बाजूला उतार असलेलं एकपाखी काचघर, म्हणजे लीन-टू, घ्या हा माझा सल्ला लोकांना घरामागे सायकल स्टँड बांधायला लावणारा आहे. व्हिक्टोरियन पद्धतीला ‘थोडेच जास्त’ पैसे लागतात आणि घराला रुबाब येतो. पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकचं, छप्पर तर निव्वळ कंजुषी.

रुबाबाचं मान्य. ‘थोडेच जास्त’ मात्र मला पटत नाही. व्हिक्टोरियन काचघरात पैसा मुरतो तो कोपऱ्यांत. पुढची बाजू तीन किंवा पाच पैलूंची. प्रत्येक सांध्याला वेगळ्या कोनाचा खांब, छपरात निमुळत्या कापलेल्या काचा, त्यांना जुळणारे पन्हळीचे तुकडे, शिवाय आढ्यावर नक्षी. एकपाखीत छपराच्या काचा सरळ आयताकृती, बहुधा एकाच मापाच्या. ठरावीक मापाचं काम झटपट होतं, हे काही मी शोधून काढलेलं नाही. १८५१च्या प्रदर्शनासाठी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस काही महिन्यांत उभा राहिला, तो जोसेफ पॅक्स्टनने ठरावीक मापाचे सुटे भाग वापरल्यामुळेच. आणि तो काळ ऐन व्हिक्टोरिया राणीचा, बरं का!

जागेचंही बघा. ४ मीटर रुंद, ३ मीटर खोल काचघर म्हणजे १२ चौरस मीटर. पुढचे दोन कोपरे एकेक मीटर छाटून तीन पैलू केले की उरतात ११. बाहेरच्या भिंतींची लांबी थोडी कमी होते हे खरं, पण ती बचत सांध्यांवर आणि तिरप्या कापाईवर खर्च होते. वर त्या तिरप्या कोपऱ्यात कपाट बसत नाही की सोफा.

एका ठिकाणी मात्र तुमची बाजू खरी आहे. बैठ्या घराची वळचण खाली असेल तर एकपाखी छपराला उतार मिळत नाही. १५ अंशांच्या उतारासाठी ३ मीटर खोल काचघराला सुमारे ८० सेंटीमीटर उंची लागते, ४ मीटरला एक मीटरहून जास्त. मग एकतर पुढच्या दारात डोकं आपटतं, नाहीतर छप्पर इतकं सपाट होतं की काचेवर पाणी आणि पाचोळा साचतो. अशा घराला मी एडवर्डियन सुचवेन: तीन बाजूंना उतार, पण जमिनीवर सरळ आयत. जागा वाया जात नाही आणि तुम्हाला हवा तो डौलही थोडाफार मिळतो.

पॉलिकार्बोनेटबद्दल: पावसात ते ताशा वाजवतं, हे लपवण्यात अर्थ नाही. अतिनील किरण रोखणारा थर असलेली बाजू वर ठेवली नाही, तर लवकर पिवळंही पडतं. पण दुहेरी काचेपेक्षा ते कितीतरी हलकं, त्यामुळे सांगाडाही हलका चालतो. खोलीत झोपायचं किंवा फोनवर बोलायचं असेल तर काचच घ्या. कुंड्या आणि दोन खुर्च्याच ठेवायच्या असतील, तर कंजुषी कसली?

खरं तर आपण दोघंही आकारावर भांडतोय आणि उन्हाचा विषय राहूनच जातोय. भर दुपारी सरळ उन्हात दर चौरस मीटरला साधारण १००० वॉट पडतात. १२ चौरस मीटरच्या छपरातून त्यातले निम्मे जरी आत आले, तरी तीन मोठे हीटर एकदम लावल्यासारखं होतं. व्हिक्टोरियन असो वा एकपाखी, छपरात उघडणारी झडप आणि खाली हवा आत घेणारी खिडकी नसेल तर ती खोली दुपारी ओस पडणार. नक्षीतून वाचलेला पैसा आधी तिथे घाला, मग उष्णता अडवणाऱ्या लेपाच्या काचेत.

तरी ‘थोडेच जास्त’वर तुम्ही ठाम असाल, तर कारागिराकडून दोन अंदाजपत्रकं मागवा: आतलं क्षेत्रफळ तेच, काच तीच, पायाही तोच, फक्त आकार वेगळा. फरक खरंच किरकोळ निघाला तर व्हिक्टोरियन बिनधास्त बांधा. आकडे इथे जरूर टाका, मलाही बघायचे आहेत.