खातोय, उभा आहे, म्हणजे बरा आहे? म्हाताऱ्या घोड्याबद्दलचा एक फिरता सल्ला

घोडेवाल्यांच्या आणि प्राणीप्रेमींच्या गटांत एक सल्ला सारखा पुढे ढकलला जातो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: "घोडा चंदी खातोय, पायांवर उभा आहे, तोवर इंजेक्शनचा विचारही करू नका. वेळ आली की तो स्वतः डोळ्यांनी सांगतो. अगदीच झेपत नसेल तर माळावर मोकळा सोडा, निसर्ग बघून घेईल. दयामरण हा गुन्हा आहे, आणि ते मरण भयंकर असतं." लिहिणाऱ्याची माया खरी असेल. पण घोडा कसा जगतो आणि दुखणं कसं लपवतो, हे यात कुठेच नाही. एकेक मुद्दा घेऊ.

"खातोय म्हणजे बरा आहे." घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपात जो दुखणं दाखवतो तो आधी मारला जातो, म्हणून पाय ठणकत असतानाही तो गव्हाणीत तोंड घालतो. खाणं बंद होतं ते बहुधा फार उशिरा. शिवाय तोंडात घेतलेलं सगळं पोटात जातंच असं नाही. घोड्याची दाढ वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर वर सरकते आणि तेवढीच झिजते. पंचविशीच्या आसपास हा साठा संपत येतो. मग तो कडबा चघळतो आणि त्याचे ओले गोळे खाली टाकतो. गव्हाणीखाली असे गोळे सापडले, लिदीत अख्खे हरभरे किंवा बोटभर लांब काड्या दिसल्या, तर तो खातोय असं म्हणू नका.

इथेच उलट चूकही होते, आणि तीही जिवावर बेतणारी. हाडं दिसू लागली की "संपला आता" असं ठरवलं जातं. आधी डॉक्टरकडून दात तपासून घ्या, टोकं घासून घ्या. मग वजन काढा: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १५५ असेल तर वजन सुमारे ३३४ किलो. अशा घोड्याला दिवसाला ६ ते साडेसहा किलो कोरडा चारा लागतो. तो बारीक कुट्टी करून, दुप्पट-तिप्पट पाण्यात तासभर भिजवून, चार-पाच वेळा विभागून द्या. कोरडी कुट्टी देऊ नका, अन्ननळीत बोळा अडकतो. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावरही ठेवू नका: कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, शरीर मग हाडांतून कॅल्शियम ओढतं. सहा-आठ आठवड्यांत वजन चढलं तर घोडा मरायला टेकलेला नव्हता, उपाशी होता. दात पाहिले, जंताचं औषध झालं, भिजवलेला चारा पोटभर मिळतोय आणि तरीही पाठीवरचं मांस उतरतंच आहे, तेव्हा मात्र प्रश्न खाण्याचा उरत नाही. हे नजरेने ठरवू नका, बरगड्यांवरून हात फिरवा. लांब केसांखाली बरंच झाकलं जातं. म्हाताऱ्या घोड्याचे लांब केस ऐन मे महिन्यातही झडत नसतील, तर तो वयाचा परिणाम नसून मेंदूतल्या ग्रंथीचा आजार असू शकतो, आणि त्याच्या पाठोपाठ खुरांचं दुखणं येतं.

"उभा आहे म्हणजे ठीक आहे." घोड्याच्या पायांत गुडघे अडकवून ठेवणारी स्नायुबंधांची रचना असते, तो उभ्यानेच डुलकी काढतो. पण गाढ झोपेसाठी त्याला रोज अर्धा-एक तास आडवं व्हावंच लागतं. सांधे धरलेला घोडा आडवा होत नाही, कारण पुन्हा उठता येणार नाही हे त्याला कळतं. मग आठवडेच्या आठवडे झोप नाही. शेवटी उभ्या-उभ्या झोप लागते आणि पुढचे गुडघे दुमडून तो कोसळता-कोसळता सावरतो. पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरून खरचटल्याच्या खपल्या दिसतात त्या याच. रोज सकाळी पाहा: अंगाला भुसा किंवा लीद लागली आहे का? अंथरूण दबलं आहे का? सलग पंधरा दिवस नसेल, तर "रात्रभर उभा होता" ही तक्रार समजा, कौतुक नव्हे.

आणखी दोन खुणा. खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला बोट ठेवा. ठणठणीत घोड्यात तिथली नाडी शोधावी लागते, खूर आतून सुजलेला असेल तर ती बोटावर आपटते. आणि लहान गोलात वळवून पाहा. सरळ रेषेत बरा चालणारा घोडा वळताना अडखळतो, तेव्हा दुखणं उघडं पडतं.

"वेळ आली की तो डोळ्यांनी सांगतो." या वाक्याने जितकं नुकसान केलंय तितकं कशानेच नाही. त्यामुळे माणूस एका दिव्य क्षणाची वाट बघत बसतो. चेहरा बोलतो हे खरं, पण त्याची भाषा ठरलेली आहे: कान ताठ मागे, पापण्या आवळलेल्या, डोळ्यावरचं हाड उठून दिसणारं, जबड्याचे स्नायू ताणलेले, ओठ घट्ट मिटून हनुवटी पुढे, नाकपुड्या ताणलेल्या. या सहा खुणांना गुण देऊन वेदना मोजण्याची पद्धत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती दुरून, घोड्याला न कळता पाहायची. माणूस जवळ गेला की तो चेहरा सावरतो.

त्यापेक्षा तबेल्याच्या भिंतीवर महिन्याचं कॅलेंडर लावा. रोज चार गोष्टी लिहा: आडवा झाला का, पाण्यापर्यंत स्वतः गेला का, चंदी संपवली का, विश्रांतीतली नाडी किती. नाडी मिनिटाला २८ ते ४४ असावी. काहीही श्रम नसताना ती रोजच ५० च्या वर असेल तर डॉक्टरला दाखवा, त्यामागे वेदना असू शकते. दिवस वाईट गेला तर फुली. महिन्यात चांगल्यापेक्षा फुल्यांचे दिवस जास्त झाले की तारीख ठरवण्याची चर्चा सुरू करायची. तारीख ठरवणं क्रूर वाटतं, पण त्याशिवाय डॉक्टर, खड्डा आणि माणसं एका दिवशी जमत नाहीत.

शंका असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली वेदनाशामकाची चाचणी घेता येते. फिनाइलब्युटाझोन, पहिल्या दिवसानंतर किलोमागे २.२ मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या ३३४ किलोच्या घोड्याला एका वेळी सुमारे ७३५ मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस. घोडा आडवा होऊ लागला, वळू लागला, तर आधी तो दुखण्यात होता हे सिद्ध झालं. काहीच फरक नाही, तर हातात फार उपाय उरलेले नाहीत. दोन वेदनाशामकं एकत्र देऊ नका आणि पाणी कमी पिणाऱ्याला देऊ नका: पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, माणसाची गोळी चुरडून देणं हा त्यावरचा तोडगा नव्हे.

काही प्रसंगांत कॅलेंडरही नको. मोठ्या घोड्याच्या पायाचं लांब हाड मोडलं. खुरातलं हाड तळव्यातून बाहेर डोकावलं. कित्येक तास प्रयत्न करूनही उठत नाही (स्वतःच्याच वजनाखाली स्नायू मरू लागतात). किंवा पोटशूळात नाडी ८० च्या पुढे, इंजेक्शनला दाद नाही आणि शस्त्रक्रियेची सोय नाही. म्हाताऱ्या घोड्यात लांब देठ असलेली चरबीची गाठ आतड्याभोवती पीळ घालते, तो पोटशूळ औषधाने सुटत नाही. तेव्हा सकाळची वाट पाहायची नसते.

"माळावर सोडा." दात नसलेला घोडा माळावर काय खाणार? सडक, गटार, प्लास्टिक आणि कुत्री, एवढंच तिथे असतं. आणि गुन्हाच शोधायचा असेल तर तो इथे आहे: भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली अपराध आहे. वयामुळे अयोग्य झालेल्या जनावराला कामाला जुंपणंही त्याच कलमात येतं.

"दयामरण गुन्हा आहे." नाही. त्याच कायद्याचं कलम १३ असह्य हालातल्या जनावराचा जीव संपवण्याची तरतूद करतं, अगदी मालक नकार देत असतानाही, पशुवैद्यकाच्या दाखल्यावर आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने. आपल्या मालकीच्या घोड्यासाठी नोंदणीकृत पशुवैद्यकाचा लेखी निर्णय आणि तुमची सही ठेवा. विमा असेल तर कंपनीला आधी कळवा. ग्लँडर्सची (घोड्यांचा, माणसांनाही लागणारा संसर्गजन्य रोग) बाब वेगळी, तिथे निर्णय सरकारी यंत्रणेचा असतो.

"ते मरण भयंकर असतं." चुकीच्या हातात, होय. नीट केलं तर असं होतं: उपाशी ठेवत नाहीत, आवडता खुराक देतात. मऊ, सपाट जागा, भिंतीपासून लांब. मानेच्या शिरेत सुई पक्की बसवून आधी गुंगीचं औषध, मान खाली आली की भूल देणाऱ्या औषधाचा पूर्ण डोस एकदम. अर्ध्या-एक मिनिटात घोडा खाली जातो. दोर लांब धरा आणि पायांच्या बाजूला उभे राहू नका. बिघडतं ते शिरेबाहेर औषध गेलं, डोस अर्धा पडला किंवा पाणी आटलेल्या शरीरात तो सावकाश पोचला तर. शुद्धीत असलेल्या घोड्याला पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट टोचणारा कोणी भेटला तर त्याला तबेल्याबाहेर काढा. ती औषधं फक्त पूर्ण भुलीनंतरची. पडल्यावर दोन-चार उसासे, स्नायूंची थरथर, उघडे डोळे दिसतात, पण ती जाणीव नसते. डॉक्टर बुबुळाला स्पर्श करून आणि काही मिनिटं हृदय ऐकून खात्री करतो. सोबतचा घोडा असेल तर त्याला थोडा वेळ कलेवर हुंगू द्या, तो नंतर कमी शोधतो.

भुलीच्या त्या औषधाचा अंश मांसात राहतो. उघड्यावर टाकलेलं कलेवर खाऊन कुत्री, कावळे आणि उरलीसुरली गिधाडं मरतात, म्हणून खोल पुरणं किंवा जाळणं हे दोनच मार्ग. खड्डा अडीच मीटरच्या आसपास खोल, वर किमान एक मीटर माती, विहीर आणि ओढ्यापासून लांब. काळ्या मातीत पावसाळ्यात जेसीबी रुततो आणि खड्ड्यात पाणी भरतं. माथेरानला, जिथे गाड्या थांबवाव्या लागतात त्या दस्तुरीच्या पुढे यंत्रच जात नाही. फुल्या वाढत चालल्या असतील तर जागा आणि यंत्र मेअखेरीस बोलून ठेवा, घोडा अजून स्वतःच्या पायांनी तिथवर चालत येऊ शकतो तेव्हा.