बाबांचं कांबळं

आज १६ डिसेंबर. गावातल्या शाळेत विजय दिवसाचा, म्हणजे १९७१ च्या बांगलादेश युद्धाचा, कार्यक्रम होता. बाबा गेल्यापासून सत्काराला आईला बोलावतात. शाल, श्रीफळ, फोटो. पाहुणे पाऊण तास बोलले. ९३ हजार युद्धकैदी, ढाक्यातली ती सही, तेरा दिवसांत नवा देश. सगळं खरं आहे, आणि ऐकताना माझीही मान ताठ होते. पण बायकांच्या वाट्याला अख्ख्या भाषणात एकच वाक्य आलं, "आयाबहिणींची अब्रू लुटली गेली." आणि लगेच रणगाडे सुरू.

मी आईकडे बघितलं. ती मांडीवर शालीची घडी घालत बसली होती.

बाबा त्या युद्धात बांगलादेशातल्या जमालपूरच्या बाजूला होते. लढाईच्या गोष्टी आम्हाला ढीगभर सांगितल्या, ही एक मात्र फक्त आईला. शत्रूनं सोडलेल्या छावणीत मागच्या खोलीत एक मुलगी होती. अंगावर कपडा नाही. बाबांनी आपलं कांबळं पुढे केलं तर ती भिंतीला चिकटली. वर्दी कुणाची का असेना, तिला ती वर्दीच! मग त्यांनी कांबळं जमिनीवर ठेवलं आणि पाठ करून उभे राहिले. ती काहीतरी पुटपुटत होती. पाणी मागतेय असं वाटून बाबांनी न वळता पाण्याची बाटली मागे सरकवली.

आता सांगा, यात अब्रू कुणाची गेली? तिची? तिनं काय केलं होतं? मला हा शब्दच नको झालाय. बलात्कार झाला म्हणा ना सरळ! नऊ महिने झाला, छावण्यांत डांबून, ठरवून झाला. दोन लाख बायका म्हणतात, कुणी चार लाख म्हणतं.

आणि पुढे काय? शेख मुजीबुर रहमान यांच्या सरकारनं त्यांना 'वीरांगना' म्हटलं. चांगल्या मनानंच म्हटलं. पण लोकांनी वेलांटी पुसून काना दिला, 'वारांगना' केलं. बंगालीत हे दोन्ही शब्द आपल्यासारखेच आहेत, समजावून सांगायला नको. कितीजणींना माहेरानं, सासरानं दार उघडलं नाही. शिल्पकार फिर्दौसी प्रियभाषिणी स्वतःबद्दल जाहीर बोलल्या त्या १९९९ मध्ये. सरकारनं या बायकांना मुक्तियोद्ध्या, म्हणजे स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता द्यायला सुरुवात केली तेव्हा २०१५ उजाडलं होतं. तोवर त्या पोरी म्हाताऱ्या झाल्या, कित्येक गेल्याही.

१९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालवायचं ठरलं होतं. १९७४ च्या भारत-पाकिस्तान-बांगलादेश करारानं तेही घरी गेले, आणि त्या करारावर आपलीही सही आहे. पाकिस्तानात अडकलेले बंगाली परत आणायचे होते, मान्य. तिथल्या उर्दू बोलणाऱ्या बिहारी बायकांवर दुसऱ्या बाजूनं अत्याचार झाले, तेही मान्य, तेही तितकंच नीच. पण या मुलीच्या बाजूनं कोर्टात उभं कोण राहिलं? बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो, हे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं पहिल्यांदा म्हटलं ते १९९८ मध्ये, रवांडाच्या खटल्यात. सत्तावीस वर्षांनी!

कार्यक्रमानंतर संयोजकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, समोर लहान मुलं होती हो." पाचवीची पोरं होती, खरंय. माणूस वाईट नाही, आईला न्यायला स्वतः गाडी घेऊन आला होता. पण पोटात संगीन कशी घुसली हे त्याच पोरांना रंगवून सांगितलं ना? नववी-दहावीच्या मुलीही तिथेच बसल्या होत्या. त्यांनी काय ऐकलं? की तुमच्यावर असं काही झालं तर अब्रू तुमची जाते.

लिहिता लिहिता आवाज चढला माझा. असो.

ते कांबळं बाबांनी कागदावर 'हरवलं' असं लिहून दिलं, पैसे भरले. कुणाला काही सांगावं लागू नये म्हणून. पुढे खूप वर्षांनी क्वार्टर्समध्ये शेजारी बंगाली कुटुंब आलं. बाबांना त्या मुलीचे पुटपुटलेले शब्द नुसते कानाला पाठ होते, त्यांनी त्या वहिनींना अर्थ विचारला. "कोथाय जाबो?" म्हणजे कुठे जाऊ? त्या रात्री त्यांनी आईला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

आत्ताच आईनं संयोजकांना फोन केला. पुढच्या वर्षी शाल नको, पाच मिनिटं बोलायला द्या म्हणाली. ते म्हणाले, बघू.