खुलासा : संगीत ‘उजव्या मेंदूत’ नसतं

‘संगीत उजव्या मेंदूत, भाषा आणि गणित डाव्या मेंदूत’ असा मेसेज सध्या फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

प्रत्येक कानातून आलेला आवाज मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोहोचतो. स्वरांच्या उंचीतले बारीक फरक ओळखण्यात उजवी बाजू पुढे असते, हे खरं. मेसेजचं मूळ बहुधा तिथेच आहे. पण वेळेतले झपाट्याने होणारे बदल पकडण्यात डावी बाजू तरबेज. ठेका धरायला तर लहान मेंदू आणि हालचालींची केंद्रंही कामाला लागतात, अगदी आपण स्तब्ध बसून ऐकत असलो तरी.

शिवाय तालमीने चित्र बदलतं. 1974 मध्ये बीव्हर आणि कियारेल्लो या संशोधकांनी दाखवलं, की संगीत न शिकलेल्यांना धून डाव्या कानाने जास्त चांगली ओळखता येते, शिकलेल्यांना उजव्या. उजव्या कानाचा मुख्य धागा डाव्या मेंदूशी जोडलेला असतो. म्हणजे मुरलेला कान डाव्या बाजूवर अधिक विसंबतो!

रशियन संगीतकार शेबालिन यांची भाषा डाव्या मेंदूतल्या पक्षाघाताने गेली, तरी 1962 मध्ये त्यांनी पाचवी सिंफनी पूर्ण केली. यावरून संगीत आणि भाषा काही अंशी स्वतंत्र आहेत एवढं कळतं. संगीत एकाच बाजूला राहतं, असं नव्हे.

आधीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. मी टाकला आहे.