पुरुष कण आणि स्त्री तरंग? फिरणाऱ्या क्वांटम मेसेजला मुद्देसूद उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुरुषतत्त्व म्हणजे कण आणि स्त्रीतत्त्व म्हणजे तरंग, हे क्वांटम भौतिकीनं सिद्ध केलं आहे. कोणी पाहिलं की तरंग स्थिर होतो, तशी पुरुषाच्या नजरेनं स्त्री स्थिरावते. सांख्यांनी हेच सांगितलं होतं. नवरा-बायको एंटँगल्ड, म्हणजे दोन क्वांटम कणांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्यात गूढ काही नाही, ते चपलांच्या जोडासारखं आहे. म्हणून मुलींना फिजिक्सच्या मागे लावू नये.

दहावीचा निकाल लागला की शाखा ठरवायची असते, आणि हा मेसेज त्याच घरांत पोचतो. म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याचा हिशेब करायला हवा.

‘पुरुष कण, स्त्री तरंग’

कण एक वस्तू आणि तरंग दुसरी, अशी वाटणी निसर्गात नाही. १९२७ साली डेव्हिसन आणि जर्मर यांनी ५४ व्होल्टचा इलेक्ट्रॉनझोत निकेलच्या स्फटिकावर सोडला, तेव्हा ५० अंशांच्या कोनात इलेक्ट्रॉनांची गर्दी झाली. क्ष-किरणांच्या लाटांचं होतं तसंच. पुढे १९८९ साली जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा एकच ठिपका उमटतो. सुरुवातीचे ठिपके वाटेल तसे विखुरलेले दिसतात, हजारो जमले की त्यांतून उजेड-अंधाराचे पट्टे उभे राहतात. ठिपका आणि पट्टा दोन्ही त्याच इलेक्ट्रॉनचे. मग पुरुषाला ठिपका आणि बाईला पट्टा वाटून देणार कसा?

प्रकाशाचं तरंगपण तर हॉलमध्ये बघता येतं. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर पॉइंटर घ्या. पुठ्ठ्याला बोटभर खिडकी पाडून तिच्यावर एक केस ताणून सेलोटेपनं चिकटवा. लेझर स्थिर ठेवून झोत बरोबर केसावर पाडा, भिंत ३ मीटर दूर ठेवा, दिवे बंद करा. मधल्या उजळ पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या फटी दिसतील. मधला पट्टा दुप्पट रुंद असतो, तो सोडून एका बाजूच्या सलग फटींमधलं अंतर मोजा. केस ७५ मायक्रॉन जाड असेल तर ते २.६ सेंटिमीटर भरतं: तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले केसाची जाडी. भिंत अर्ध्या मीटरवर असेल तर तेच अंतर जेमतेम ४ मिलिमीटर होतं आणि मोजताना चूक होते. केस सैल असला किंवा झोत कडेनं गेला तर नुसता लाल ठिपका दिसतो. लेझर कुणाच्याही डोळ्यात जाऊ देऊ नका. केस आईचा घ्या किंवा बाबांचा, बदलते ती फक्त जाडी.

माणसांबद्दल बोलायचं तर ठाणे स्टेशनच्या पुलावरून सेकंदाला १ मीटर वेगानं चालणाऱ्या ६० किलोच्या व्यक्तीची तरंगलांबी सुमारे १०⁻³⁵ मीटर येते. अणुकेंद्र साधारण १०⁻¹⁵ मीटरचं असतं, म्हणजे आपली ‘लाट’ त्याच्याही वीस शून्यं खाली. बाई असो की पुरुष, उत्तर एकच.

‘पाहिलं की स्थिर होते’

क्वांटममधलं ‘पाहणं’ म्हणजे नजर नव्हे. इलेक्ट्रॉनसमोर दोन फटी ठेवल्या आणि तो कुठल्या फटीतून गेला याची खूण कुठेही उमटली की पट्टे जातात: उडालेला फोटॉन (प्रकाशाचा कण), हवेचा रेणू, डिटेक्टरमधला विजेचा झटका. खोलीत माणूस नसला तरी तेच होतं. नजर हा शब्द भाषेतून आला आणि मेसेजवाल्यांनी त्यावर इमला चढवला.

‘सांख्यांनी हेच सांगितलं’

उलटं सांगितलं आहे. सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनात पुरुष म्हणजे निव्वळ साक्षी, तो काहीच करत नाही. सगळी हालचाल, बुद्धी, मन, अहंकारसुद्धा प्रकृतीचा, म्हणजे मूळ द्रव्याचा पसारा. ईश्वरकृष्णाच्या कारिकांमध्ये या दोघांना पांगळ्या आणि आंधळीची उपमा आहे: एकाला दिसतं पण चालता येत नाही, दुसरी चालते पण तिला दिसत नाही. शिवाय हा पुरुष म्हणजे दाढीमिशांचा माणूस नव्हे. बाईच्या ठायीही पुरुष आहे आणि बाप्याचं शरीर, मनही प्रकृतीच. कर्ता पुरुष आणि निष्क्रिय स्त्री हे या दर्शनातून काढायचं तर ते डोक्यावर उभं करावं लागेल.

‘घडवणारा पुरुष, घडणारी स्त्री’ ही कल्पना खरं तर ॲरिस्टॉटलकडे सापडते. पुनरुत्पादनात पुरुष आकार देतो, स्त्री फक्त द्रव्य पुरवते, असं त्याचं मत होतं. बायकांना दात कमी असतात असंही त्यानं लिहून ठेवलं, जे तोंड उघडून मोजता आलं असतं. सस्तन प्राण्यांचं बीजांड १८२७ साली फॉन बेअरनं शोधलं आणि नंतर कळलं की गुणसूत्रं दोघांकडून निम्मी-निम्मी येतात, वर पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया जवळपास सगळे आईचे. एवढं जुनं मत खोटं ठरल्यावर त्याला क्वांटमचा नवा शर्ट घालून परत आणणं बरं नाही. मराठीत तर ताराबाई शिंद्यांनी १८८२ सालीच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं होतं की जे दोष बायकांच्या स्वभावात म्हणून सांगता, ते पुरुषांत नाहीत का. त्या प्रश्नाला भौतिकशास्त्रातून उत्तर मिळत नाही.

घारापुरीच्या लेण्यातला अर्धनारीश्वर सुंदर आहे. त्याला इलेक्ट्रॉनच्या आधाराची गरज नाही.

‘एंटँगलमेंट म्हणजे चपलांचा जोड’

मेसेजमधला हा एकच मुद्दा विचारपूर्वक खोडावा लागतो, कारण शिकलेली माणसंही इथे फसतात. एक चप्पल ऐरोलीला पाठवली, एक ठाण्याला. ठाण्याच्या खोक्यात डावी निघाली की ऐरोलीची उजवी, हे तत्क्षणी कळतं. चप्पल आधीपासूनच डावी होती. तसंच फोटॉनांची उत्तरं आधीच ठरलेली असतील तर?

तपासू. जोडीतले फोटॉन दोन दिशांना जातात. दोन्हीकडे पोलरायझर (ठरावीक दिशेनं कंप पावणारा प्रकाशच पार सोडणारी चकती) आहे आणि तो ०, ६० किंवा १२० अंशांवर लावता येतो. फोटॉन पार गेला तर ‘हो’, अडला तर ‘नाही’. दोन्हीकडे एकच कोन असला की उत्तरं नेहमी सारखी येतात. म्हणजे चपलांच्या हिशेबानं प्रत्येक जोडीबरोबर तीन कोनांच्या तीन उत्तरांची चिठ्ठी असणार. समजा चिठ्ठीवर हो-हो-नाही आहे. आता दोन्हीकडे वेगवेगळे कोन लावा. पहिला-दुसरा जुळतात, पहिला-तिसरा नाही, दुसरा-तिसरा नाही. तीनात एक जुळणी. हो-हो-हो असेल तर तीनात तीन. आठही चिठ्ठ्या कागदावर लिहून बघा: खाने तीन आणि उत्तरं दोनच, त्यामुळे दोन खाने सारखे येणारच. एक तृतीयांशाच्या खाली नेणारी चिठ्ठी लिहिताच येत नाही.

क्वांटमचं गणित सांगतं: ६० अंशांच्या कोसाइनचा वर्ग, म्हणजे एक चतुर्थांश. ३३ नव्हे, २५ टक्के.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलनं १९६४ साली हा विचार सूत्रात मांडला आणि प्रयोगांनी क्वांटमच्या बाजूनं कौल दिला. फोटॉनांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत एक खोट राहायची: डिटेक्टर बरेच फोटॉन चुकवतात, आणि सापडलेले तेवढेच मोजले तर चिठ्ठीवाल्याला पळवाट मिळते. २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन वापरून प्रत्येक फेरी मोजली गेली. तिथे जुळणी टक्क्यांत न मोजता बेलच्या सूत्राच्या दुसऱ्या रूपानं मोजली: त्यात चिठ्ठीची कमाल मर्यादा २, आकडा आला २.४२. अशा प्रयोगांसाठी आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

आणि नवरा-बायको? एंटँगल्ड जोडीतही प्रत्येक बाजूला दिसतं ते निव्वळ हो-नाहीचं यदृच्छ मिश्रण. जुळणी कळायला दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्या लागतात, म्हणजे फोन करावाच लागतो. निरोप असा जात नाही.

‘मुलींना फिजिक्स नको’

दोन गटांच्या सरासरीत फरक असणं आणि दोन वेगळ्या जाती असणं यात मोठं अंतर आहे. सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाच्या) ०.२ पट असेल, तर दोन घंटाकृती आलेख ९२ टक्के एकमेकांवर पडतात. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ साली मानसिक गुणांवरच्या ४६ मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करणारी विश्लेषणं) एकत्र तपासल्या, त्यात स्त्री-पुरुषांमधले ७८ टक्के फरक लहान किंवा शून्याजवळचे होते. आकड्यांनी पटत नसेल तर याच विषयाचा इतिहास घ्या. क्वांटममागे चिठ्ठीसारखी कुठलीही लपलेली उत्तरं असूच शकत नाहीत, असं गणितज्ञ फॉन नॉयमननं १९३२ साली ‘सिद्ध’ केलं होतं आणि जग ते मानून बसलं. १९३५ साली ग्रेटे हेरमान या जर्मन तत्त्वज्ञ बाईनं त्यातली फट दाखवली. थोर गणितज्ञ एमी नोएटरच्या हाताखाली तिनं गणितात डॉक्टरेट केली होती. फॉन नॉयमननं गृहीत धरलं होतं की बेरजेचं मूल्य म्हणजे मूल्यांची बेरीज. इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे (त्याच्या अंगभूत फिरकीचे) दोन काटकोनी घटक घ्या. योग्य एककात प्रत्येकाचं मोजमाप अधिक किंवा उणे १. बेरीज २, ० किंवा उणे २ यायला हवी. पण त्या बेरजेशी जुळणारी राशी मोजली तर १.४१४ किंवा उणे १.४१४ मिळतं. गृहीतकच टिकत नाही, आणि नेमकं तेच हेरमाननं दाखवलं. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. १९५२ साली भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमनं लपलेल्या उत्तरांचा चालणारा सिद्धांत मांडला, मात्र त्यात इथला कोन बदलला की तिथे तत्क्षणी परिणाम होतो, म्हणजे तोही चपलांचा जोड नव्हेच. १९६६ साली बेलनं फॉन नॉयमनच्या पुराव्यातली तीच फट स्वतंत्रपणे दाखवली तेव्हा जगाला ती दिसली, हेरमाननंतर ३१ वर्षांनी.